ध्वनिमुद्रिकांचा नवा व जुना बाजार: मुंबई-पुण्यातील खरेदी-विक्री आणि ध्वनिवारशाचे जतन

प्रस्तावना

छापील पुस्तकाच्या इतिहासाला ग्रंथालयाचा आधार असतो. ध्वनिमुद्रिकेच्या इतिहासाला असा आधार भारतात फार उशिरा आणि अपुरा मिळाला. १९५४ च्या ‘डिलिव्हरी ऑफ बुक्स (पब्लिक लायब्ररीज)’ कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालये यांना देणे बंधनकारक झाले. या तिहींत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचाही समावेश आहे. या कायद्यातील पुस्तकाची व्याख्या पुरेशी व्यापक आहे. तीत पुस्तिका, नकाशा, तक्ता, इतकेच नव्हे तर स्वतंत्रपणे छापलेला स्वरलेखनाचा कागदही येतो. ग्रामोफोनची तबकडी मात्र येत नाही. म्हणजे स्वरलेखनाचा कागद जपण्याची तरतूद झाली, प्रत्यक्ष स्वर जपण्याची झाली नाही.

भारतात तबकड्यांचे उत्पादन तेव्हा जवळजवळ अर्धशतकाचे झाले होते. हजारो मराठी तबकड्या विकल्या गेल्या होत्या, ऐकल्या गेल्या होत्या आणि झिजल्याही होत्या. त्यांपैकी ज्या आज उपलब्ध आहेत त्या मुख्यतः एका वेगळ्याच व्यवस्थेमुळे उपलब्ध आहेत. दुकान, घर, भंगारवाला, जुना बाजार आणि संग्राहक अशी ती साखळी आहे. कोणी ती जाणीवपूर्वक उभारली नाही. ध्वनिमुद्रिका कोठे विकत मिळत होत्या हा प्रश्न वरवर पाहता ग्राहकोपयोगी माहितीचा वाटतो. परंतु महाराष्ट्राच्या संगीताचा कोणता भाग आपल्यापर्यंत पोहोचला आणि कोणता नाहीसा झाला, याचे उत्तर बऱ्याच अंशी या प्रश्नात दडलेले आहे. प्रस्तुत लेखात मुंबई व पुणे येथील नव्या आणि जुन्या तबकड्यांच्या बाजाराचा या दृष्टीने विचार केला आहे.

आयातीपासून स्थानिक विक्रेत्यापर्यंत

लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग १९०२ मध्ये कोलकात्यास आला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गौहरजान यांच्यासह अनेक कलावंतांचे ध्वनिमुद्रण त्याने केले. मूळ मुद्रा जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात, तेथे तबकड्या छापल्या जात आणि विक्रीसाठी पुन्हा भारतात येत. छापणाऱ्या कामगारांना गायकाची ओळख पटावी म्हणून गाण्याच्या शेवटी कलावंताने आपले नाव उच्चारण्याची पद्धत पडली, हे सर्वश्रुत आहे. १९०८ मध्ये कोलकात्यातील सियालदह येथे कारखाना निघाला आणि ही परदेशवारी थांबली. पुढे १९२८ मध्ये डमडम येथे मोठा कारखाना उभा राहिला व भारतातील तबकड्यांचे उत्पादन दीर्घकाळ तेथेच केंद्रित झाले.

उत्पादन कोलकात्यात झाले तरी पश्चिम भारताची बाजारपेठ मुंबईच होती. या आरंभीच्या काळातील विक्रेता हा केवळ विक्रेता नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. परदेशी कंपनीला कोणता गायक लोकप्रिय आहे, कोणत्या नाटकातील कोणते पद खपेल, मराठी, गुजराती वा कोकणी श्रोत्याला काय हवे आहे, याची कल्पना नसे. ही माहिती तिला स्थानिक दुकानदाराकडूनच मिळे. काही विक्रेत्यांनी तर स्वतःची मुद्राही काढली. मुंबईच्या टी. एस. रामचंदर अँड ब्रदर्स यांची ‘रामाग्राफ’ तबकडी १९०७ च्या सुमारास बाजारात आली. निकोल, बेका, पाथे, ओडियन अशा अन्य परदेशी कंपन्यांनीही याच दशकात वा त्यानंतर लवकरच भारतीय बाजारात प्रवेश केला.

गिरगाव-काळबादेवीचा परिसर आणि नाट्यव्यवसाय यांचे सान्निध्य येथे महत्त्वाचे ठरले. रात्री रंगभूमीवर ऐकलेले पद पुन्हा घरी ऐकण्याची इच्छा असलेला ग्राहक याच परिसरात राहत होता. अर्थात तबकडी ही सर्वसामान्यांच्या आवाक्यातील वस्तू नव्हती. चावीचे यंत्र, त्याचा कर्णा, तबकड्या आणि पोलादी सुया असा हा सारा खर्च होता. सुई साधारणतः एक बाजू वाजवून झाली की बदलावी लागे. त्यामुळे सुयांची डबी ही विक्रेत्याची नित्याची मिळकत असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. एवढ्या वेळात राग मांडण्याची जी हातोटी अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० च्या दशकातील ओडियन व रुबी तबकड्यांत दिसते, तिचा उगम केवळ कलेत नाही, तर विक्रीयोग्य वस्तूच्या मर्यादेतही शोधावा लागतो.

ओडियनचे भारतातील कार्य दोन टप्प्यांत झाले. पहिला टप्पा १९१२ ते १९१६ असा होता. पहिल्या महायुद्धात जर्मन व्यापारावर बंधने आल्याने तो संपला. दुसरा १९३२ ते १९३८ असा असून त्यात मुंबई व मद्रास ही मुख्य केंद्रे होती. दरम्यान १९३५ मध्ये मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने ‘यंग इंडिया’ ही मुद्रा सुरू केली. तिचा कारखाना वडाळा येथे होता आणि ती १९५५ पर्यंत चालली. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’कडे प्रथितयश कलावंत करारबद्ध असल्याने यंग इंडियाने नवोदित आणि हौशी गायकांना वाव दिला. संगीताच्या इतिहासकाराला या तबकड्या मोलाच्या वाटतात त्या याच कारणासाठी. ज्यांची अन्यत्र एकही ध्वनिमुद्रिका नाही असे आवाज त्यांवर आहेत. मात्र कंपनी बंद पडली तेव्हा तिच्या सूचीला वारस उरला नाही. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चे गाणे पुढे लाँग प्ले, कॅसेट आणि सीडी या रूपांत पुनःपुन्हा प्रसिद्ध झाले. यंग इंडियाचे गाणे ज्या लाखेच्या तबकडीवर होते, त्याच तबकडीवर राहिले.

लाखेकडून व्हिनाइलकडे

बाजारात आज ‘रेकॉर्ड’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न वस्तू विकल्या जातात. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी प्रामुख्याने लाख, दगडाची भुकटी व काजळी यांच्या मिश्रणाची असे. ती जड आणि ठिसूळ, हातातून पडली की तुकडे. अमेरिकेत १९४८ मध्ये कोलंबियाने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले आणि १९४९ मध्ये आरसीएने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आणली; या दोन्ही व्हिनाइलच्या होत्या. भारतात मात्र लाखेची तबकडी लगेच हटली नाही. चावीची यंत्रे घरोघर होती आणि अनेक गावांत वीज पोहोचली नव्हती. त्यामुळे १९६० च्या दशकातही ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघत राहिल्या. एकाच दुकानात लाखेची आणि व्हिनाइलची तबकडी शेजारी शेजारी विकली जाण्याचा हा काळ भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच लांबला. चार गाण्यांची सात इंची ईपी ही या संक्रमणातील मध्यमवर्गाची आवडती वस्तू होती. मराठी भावगीत आणि चित्रपटगीत घराघरांत रुजवण्यात तिचा वाटा मोठा आहे.

काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाऊस’ १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. दुकानात बसून तबकडी ऐकून पाहण्याची बंदिस्त खोली ही तेथील ओळख होती. विकत न घेता ऐकण्याची ही मुभा अनेक विद्यार्थ्यांच्या संगीतशिक्षणाचा भाग झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. १९७० च्या सुमारास पॉलिडॉर ही दुसरी मोठी कंपनी भारतीय बाजारात आली आणि ग्रामोफोन कंपनीच्या जवळजवळ एकछत्री व्यवस्थेला प्रथमच खरी स्पर्धा निर्माण झाली.

पुढील घटनाक्रम परिचित आहे. १९८० च्या दशकात कॅसेटने बाजार व्यापला. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे कॅसेटमुळे निर्मिती स्वस्त झाली, प्रादेशिक आणि भक्तिसंगीताला नवे निर्माते मिळाले आणि जुन्या कंपनीचा प्रभाव ओसरला. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थेने मराठी श्रोत्यासाठी निवडक, अभिरुचिसंपन्न कॅसेट प्रसिद्ध केल्या, ही या बदलाची उजळ बाजू. तबकडीच्या दृष्टीने परिणाम मात्र विपरीत झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातील तबकड्यांचे व्यापारी उत्पादन जवळपास थांबले. यंत्र बिघडले तर सुई मिळेना आणि सुई नाही म्हणून तबकड्या माळ्यावर गेल्या. ऱ्हिदम हाऊसने कॅसेट आणि सीडीचा काळही पाहिला. २०१६ मध्ये ते बंद झाले.

मटन स्ट्रीट आणि जुना बाजार

माळ्यावरची तबकडी बाजारात येण्याचे प्रसंग ठरलेले असतात. घरातील वडीलधारी व्यक्ती निवर्तते, चाळ पाडली जाते, कुटुंब लहान सदनिकेत राहावयास जाते. भंगार घेणाऱ्याला तबकडीचे मोल नसते. त्याला कर्ण्याचे पितळ हवे असते आणि पेटीचे सागवान हवे असते. तबकड्या त्यासोबत येतात, बहुधा वजनावर.

मुंबईत अशा मालाचा ओघ पिढ्यान्‌पिढ्या भेंडीबाजारालगतच्या मटन स्ट्रीटवर, म्हणजे चोरबाजारात, येत राहिला. शुक्रवारी तेथील पक्की दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर फेरीवाल्यांचा जुम्मा बाजार भरतो. अनुभवी ग्राहक त्या दिवशी पहाटेच पोहोचतो, कारण गाठोडी सुटण्याच्या वेळी जे दिसते ते दुपारपर्यंत दुकानदारांच्या हाती गेलेले असते. पुण्यात मंगळवार पेठेतील जुना बाजार रविवारी व बुधवारी भरण्याची परंपरा आहे. तेथे कुलपे, हत्यारे, नाणी आणि पितळी भांडी यांच्या ओळीतच तबकड्यांचा ढीग आढळे. फोर्ट भागातील पदपथावरील विक्रेते हा तिसरा मार्ग असून तेथे व्हिनाइलचे, विशेषतः हिंदी चित्रपट आणि पाश्चात्त्य संगीताचे प्रमाण अधिक. मुंबईबाहेर पाहिल्यास कोलकात्याची फ्री स्कूल स्ट्रीट आणि दिल्लीतील चांदणी चौक व जामा मशिदीचा परिसर यांची भूमिका हीच आहे. संग्राहकाला ही सर्व ठिकाणे एकाच प्रदेशातील पेठांसारखी वाटतात.

जुनी तबकडी घेण्याचे एक शास्त्र या बाजारांनी घडविले. लाखेच्या तबकडीस बोटाने हलकेच टिचकी मारतात. अखंड असेल तर नाद स्वच्छ येतो, बारीक तडा असेल तर तो बद्द येतो. मधल्या छिद्राभोवती कागदी चकतीवर ओरखडे किती आहेत यावरून ती किती वेळा यंत्रावर चढली याचा अंदाज बांधतात. व्हिनाइलची तबकडी तिरप्या प्रकाशात धरून खाचांतील करडेपणा पाहतात. उन्हात राहिलेली तबकडी वाकते, पावसाळ्यात वेष्टनाला बुरशी लागते. परंतु बुरशी लागलेले वेष्टन म्हणजे निकामी तबकडी असे नव्हे, हे जाणकार ओळखतो. गाणे संपल्यानंतरच्या मोकळ्या पट्टीवर कोरलेला मुद्राक्रमांक हा तर खरा दस्तऐवज. चकतीवरील मजकूर पुनर्मुद्रणात बदलू शकतो, तो क्रमांक सहसा बदलत नाही. मायकेल किनियर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची अशाच क्रमांकांच्या आधारे उभी आहे.

येथे एका विपर्यासाचा उल्लेख करावा लागेल. गेल्या काही दशकांत पितळी कर्ण्याचे ‘पुरातन’ ग्रामोफोन दिवाणखान्याच्या शोभेसाठी नव्याने जुळवून विकले जातात. श्वानमुद्रेची चकमकीत पट्टी त्यांवर आवर्जून असते. यंत्र बनावट असले तरी त्याने फारशी हानी होत नाही. हानी होते ती तबकडीची. असे जड ध्वनिग्राहक आणि गंजलेली सुई लावून दाखविलेली प्रत्येक ‘चाचणी’ खाच खरवडून काढते. तबकड्या तापवून त्यांच्या वाट्या करणे, मधोमध काटे बसवून भिंतीवरील घड्याळे करणे हेही उद्योग फोफावले. ज्या तबकडीला ऐकणारा ग्राहक मिळत नाही, तीच नेमकी घड्याळासाठी जाते.

किंमत आणि निवड

जुन्या बाजाराने ध्वनिवारसा वाचविला हे खरे. परंतु त्याने निवड करून वाचविला. बाजार जे जपतो ते मागणीप्रमाणे. २००० नंतर आंतरजालावरील लिलावांमुळे परदेशी संग्राहकांचे लक्ष हिंदी चित्रपटांच्या १९७० च्या दशकातील लाँग प्लेंकडे, विशेषतः राहुल देव बर्मन यांच्या संगीताकडे वळले आणि त्यांचे भाव वाढले. शास्त्रीय संगीतात घराण्याच्या नामवंत गायकाची तबकडी चांगली किंमत मिळविते. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्यांना मराठी ग्राहक नेहमीच होता.

याउलट कीर्तन, पोवाडा, विनोदी संवाद, मुलांची गाणी आणि नाव विस्मृतीत गेलेल्या गायिकांची पदे यांना भाव नव्हता. विक्रेता जागेचे भाडे भरतो; न खपणारा ढीग तो किती दिवस सांभाळणार? या दुर्लक्षित वर्गातच सामाजिक इतिहासाची सामग्री सर्वाधिक आहे. मराठी मध्यमवर्ग घरी मुलांना काय ऐकवीत होता, बोलीतील विनोद कसा होता, तमाशातील गायकीचे तबकडीवर येताना काय झाले, मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली कोकणी तियात्रातील गाणी कोण विकत घेत होते, या प्रश्नांची उत्तरे नामवंतांच्या तबकड्यांत सापडणार नाहीत. बाजाराने ठरविलेले मूल्य आणि इतिहासाला अभिप्रेत मूल्य यांतील हे अंतर संस्थांनी भरून काढावयास हवे होते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये आणि मुंबईचे राष्ट्रीय प्रयोग कला केंद्र १९६९ मध्ये स्थापन झाले. दोहोंचे कार्य मोलाचे आहे, तथापि एक चित्रपटाशी बांधलेले आणि दुसरे मुख्यतः अभिजात कलांशी. किरकोळ मराठी तबकडीचा वाली कोणी नव्हता.

ही उणीव काही अंशी भरून काढली ती संग्राहकांनी. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. तिचे सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक निघू लागले आणि चोरबाजारात सापडलेल्या तबकडीची नोंद छापील स्वरूपात होऊ लागली. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दप्तरांच्या कार्यक्रमांतर्गत यंग इंडिया आणि ओडियन या दोन मुद्रांच्या तबकड्यांचे अंकीकरण झाले. या तबकड्या कोणत्याही सरकारी दप्तरातून नव्हे, तर खाजगी संग्राहकांकडून मिळाल्या आणि त्यांच्याकडे त्या प्रामुख्याने जुन्या बाजारांतून आलेल्या होत्या. वडाळ्यात छापलेला मराठी आवाज लंडनच्या ग्रंथालयाच्या कार्यक्रमातून सुरक्षित झाला, ही बाब समाधानाची म्हणावी तितकीच संकोचाची आहे.

कायद्याची अडचणही फारशी नव्हती. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. यंग इंडियाची अखेरची तबकडी १९५५ मधील धरली तरी तिच्या ध्वनिमुद्रणावरील हक्क २०१५ च्या अखेरीस संपला. गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क स्वतंत्र असून ते त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतात, त्यामुळे प्रत्येक तबकडी सर्वस्वी मुक्त झाली असे नव्हे. परंतु जतनासाठी प्रत करून ठेवण्याचे काम महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाला बऱ्याच आधी हाती घेता आले असते.

नव्या तबकड्यांचे पुनरागमन

२०१० नंतर जगभर व्हिनाइलची मागणी पुन्हा वाढली आणि तिचे पडसाद मुंबईतही उमटले. माहीम येथील ‘द रिव्हॉल्व्हर क्लब’सारखी केवळ तबकड्या व त्यांची यंत्रे विकणारी दुकाने निघाली, आयात केलेल्या नव्या लाँग प्ले मिळू लागल्या आणि ग्रामोफोन कंपनीची उत्तराधिकारी ‘सारेगामा’ हिने जुन्या लोकप्रिय संग्रहांच्या तबकड्या पुन्हा काढल्या. २०२४ मध्ये मुंबई परिसरात तबकड्या छापण्याचे काम अनेक वर्षांच्या खंडानंतर नव्याने सुरू झाले. या नव्या बाजाराचा ग्राहक तरुण आहे, सुस्थितीतील आहे आणि वेष्टनाच्या देखणेपणासाठीही पैसे मोजतो. त्याच्यामुळे मटन स्ट्रीटवरील भावही चढले आणि पूर्वी वजनावर जाणारा माल निवडून बाजूला ठेवला जाऊ लागला, हा लाभ मान्य केला पाहिजे. मात्र पुनर्मुद्रण होते ते ज्यांची मूळ मुद्रा कंपनीकडे आहे आणि ज्यांचा खप निश्चित आहे अशाच संगीताचे. लाखेच्या तबकडीला तर या पुनरागमनाचा स्पर्शही झालेला नाही. नवीन यंत्रांपैकी अनेक ७८ फेऱ्यांवर चालतच नाहीत आणि चालली तरी त्या रुंद खाचेसाठी निराळी सुई लागते.

दरम्यान पहिल्या पिढीतील संग्राहक वृद्ध झाले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी चार-पाच दशके शुक्रवार-रविवार खर्ची घालून जमविलेल्या तबकड्या त्यांच्या पश्चात कुटुंबीयांना सांभाळणे अशक्य होते. एक हजार लाखेच्या तबकड्यांचे वजन सुमारे दोनशे किलो भरते आणि त्या उभ्या, कोरड्या जागी ठेवाव्या लागतात. मग त्या पुन्हा बाजारात येतात. तबकड्या येतात, पण त्यांसोबत संग्राहकाने हाताने लिहिलेली सूचीवही सहसा येत नाही. ती रद्दीत गेलेली असते. कोणती तबकडी कोणत्या गावी, कोणत्या घरातून मिळाली आणि गायिकेचे खरे नाव काय होते, हे केवळ त्या वहीत नोंदलेले असते.